कट्ट्याहून लवकर परतले

माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, त्या सकाळची ही गोष्ट. आम्ही दोघी एकाच वाडीत लग्न होऊन आलो, तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त एक कुंपण. तिची मुलगी तान्ही असताना तिला न्हाऊ-माखू घालायला मीच जायचे. माझा नवरा गेला तेव्हा पंधरवडाभर माझ्या घरची चूल तिनेच सांभाळली.

साखरपुड्याच्या दिवशी मी पहाटेच तिच्याकडे गेले, नारळ खवून दिले, वाटण लावलं. पाहुणे यायला अवकाश होता. तेवढ्यात ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली.

"तुका एक काम सांगू? कट्ट्याच्या बाजारात जाऊन येशीत? शिंप्याकडे चेडवाचो साखरपुड्याचो ब्लाउज रवलो. आणि फुलवाल्याकडसून हार घेऊन ये."

"आता? ओटी कधी आसा?"

"ती जेवणानंतर. तू सावकाश ये. दुसऱ्या कोणावर माझो भरवसो नाय."

मी साडीचा पदर खोचला आणि स्कूटर काढली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एवढ्या माणसांत तिने मला निवडलं होतं.

मसुऱ्याच्या पुढे चढावावर मागचं चाक बसलं. उन्हं चांगलीच वर आली होती. स्कूटर ढकलत एका बंद दुकानाच्या सावलीत नेली, तर चपलेचा अंगठा तुटला. निऱ्यांना काळं ग्रीस लागलं. ही साडी खास आजच्यासाठी काढलेली. रस्त्याकडेला उभी राहून हात करत होते, पण थांबलेली पहिली रिक्षा बरीच उशिरा आली. रिक्षावाला म्हणाला, "कट्ट्यार सोडतंय, परत आणून पण सोडतंय. पण थंय मी थांबूचंय नाय जास्त. माका भाडा आसा." मी बरं म्हटलं. काम वेळेत व्हावं एवढंच डोक्यात होतं.

शिंप्याने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "काकी, तो ब्लाउज काल सांजेकच नेलो. चेडवाचो बापूस इललो."

लग्नघाईत असं होतंच. नवऱ्याने आणला असेल, हिला सांगायचं राहिलं असेल. मी तिला फोन लावला.

"अगो, मी विसारलंय," ती म्हणाली. मागून भांड्यांचे आवाज येत होते. "जाऊं दे. हार तयार जावक वेळ लागतलो. तू थंयच बस. घाई करू नको."

फुलवाल्याकडे गेले. त्याचे हार सकाळीच गाडीने तिच्या घरी पोचले होते. त्याने मला गाडीवाल्याचा नंबरसुद्धा द्यायची तयारी दाखवली, कारण त्याला वाटलं मी तक्रार घेऊन आलेय. मी पुन्हा फोन लावला. तो कोणी उचलला नाही. मी तिथे बसले असते, तिने बस म्हटलं होतं. पण रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. मी तुटकी चप्पल हातात घेऊन रिक्षेत बसले. परतीच्या वाटेवर मी तिचीच काळजी करत होते. बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून कुठे काय दिलंय ते आठवत नाही, असं मला वाटत होतं.

मांडवात फक्त पुरुष बसले होते. बायका माजघरात. मी दारापर्यंत गेले. मुलगी पाटावर बसली होती, अंगात तोच ब्लाउज, गळ्यात तोच हार. मुलाची आई तिची ओटी भरत होती. भोवती सगळ्या सवाष्णी.

मला आधी मुलीने पाहिलं. ती हसली नाही. तिने लगेच आईकडे पाहिलं. त्या बघण्यातून मला सगळं कळलं.

मैत्रीण उठून दाराशी आली. "तू लवकर इलंस," एवढंच म्हणाली.

मुलाच्या आईने विचारलं, "ह्या कोण?"

"शेजारीण," मैत्रीण म्हणाली.

मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले. मातीने भरलेले पाय धुतले. पंगत बसायच्या वेळी वाढायला हात कमी पडले, म्हणून भात मीच वाढला. का वाढला, ते मला अजून सांगता येत नाही. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, वहिनी, आमटी झकास झालीय. मी मान हलवली.

जेवणं आटोपल्यावर मी घरी आले. संध्याकाळी ती डब्यात गोड घेऊन आली आणि पायरीवरच बसली.

"मुलाच्या घरचे जुन्या वळणाचे आसत," ती म्हणाली. "थंय कोण काय बोलला असता तर तुका लागला असता. तुझ्या तोंडार 'तू मागे रव' म्हणूक माका जमला नाय."

"मगे फसवूक कसा जमला?"

तिने डबा माझ्यापुढे सरकवला.

"तू सांगितलं असतंस तर मी भांडले असते, नाहीतर आपणहून आत बसले असते," मी म्हणाले. घरात मालवणीच बोलतो आम्ही, पण त्या वेळी माझ्या तोंडून ऑफिसात बोलतात तसं मराठी आलं. "ते माझं मी ठरवलं असतं."

ती रडली. मी तिला पाणी दिलं. डबा ठेवून ती गेली. गोड मी खाल्लं नाही, टाकलंही नाही. सकाळी कामवालीला दिलं.

त्यानंतर आमचं बोलणं थांबलं असं नाही. काजूच्या भावाबद्दल बोलतो, नळाला पाणी आलं की ती हाक मारते. पण पूर्वी मी तिच्या घरात शिरताना हाक मारत नसे. आता अंगणात थांबते, ती बाहेर येईपर्यंत.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुलगी एकटीच माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

"मावशी, माका आदीच माहीत होता."

"माका समाजला ता," मी म्हटलं.

"आवशीक नाय म्हणूक जमला नाय माका."

मी तिला म्हटलं, ये, बस. तिला ब्युटी पार्लरला उशीर होत होता. ती बसली नाही.