पुतळाबाईचा उघडा हॉटस्पॉट

जासईच्या वळणावर पुतळाबाईची खानावळ. न्हावा शेवा बंदराला निघालेल्या ट्रेलरांची रांग अगदी तिच्या दारावरून जाते. दारात पाण्याचं पिंप, झाकणावर उपडा तांब्या. पाणी कुणी विचारून प्यायचं नाही, सरळ घ्यायचं, हा बाईचा कायदा. लेकीनं, नमितानं, फोनमधला हॉटस्पॉट शिकवला, तर बाईनं त्यालाही तोच कायदा लावला. पासवर्डच नाही! ड्रायव्हर लोक भाकरी मोडायच्या आधी नेट जोडायचे.

मी शेजारीच राहतो. त्या दिवशी चहाला गेलो होतो. अकराला नमिताचा इंटरव्ह्यू, शिपिंग कंपनीचा, व्हिडिओवर. तिचा फोन दुरुस्तीला, म्हणून आईचा हातात. आणि ऐन वेळी मेसेज आला: आजचा डेटा संपला.

"परवाच तर रिचार्ज मारलाय! दुकानदारानं फसवलं मना," बाई कडाडली.

नमितानं सेटिंगमध्ये डेटा वापर उघडला. सगळ्यात वर हॉटस्पॉट. "आये, दीड जीबी म्हंजे दिवसाचं एक पिंप. मेसेजला तांब्याभर लागतं. तुजे पाव्हने सकालपासून क्रिकेट बघतान. बादल्या भरून नेलं त्यांनी!"

"कमी होताना दिसत नाय, मना काय कलनार?"

मी माझा फोन पुढे केला. बटणांचा. पोरीनं मला हात जोडले.

जेवत असलेल्या रणजीतनं, हा बीडचा ड्रायव्हर, आपल्या फोनवरून बाईच्या नंबरवर जादा पॅक मारला. पैसे कटले, पॅक येईना. नमिताचे डोळे भरले. तसा तो म्हणाला, "ताई, माझं नेट घ्या की. रोज मावशीचंच वापरतो, माझं अख्खं शिल्लक हाय. पण गाडीत बसा. रांग हलली तर मला थांबता यायचं न्हाई."

नमिता केबिनमध्ये चढली. इंटरव्ह्यू सुरू झाला आणि रांग हलली! मागून हॉर्नांचा कल्लोळ. रणजीतनं पायी चालावं तसा ट्रेलर पुढे काढला. बाजूनं बाई, हातात पळी, मान वर. "काय इचारतान गो?"

"गप बस बाई, ऐकू जाईल तिकडं!" मी मागून धापा टाकत.

बंदराचं गेट दिसू लागलं. त्याच्या आत पोरीला जाता येणार नव्हतं. खिडकीत तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एक नाही. गेट आलंच म्हणताना दार उघडलं, नमितानं खाली उडी मारली.

"हॉर्न कसला म्हनून इचारला. मी खरं सांगितलं, ट्रेलरमध्ये बसलीय, बंदराच्या रांगेत. साहेब हसला. बोलला, आमचं काम याच रांगेचं हाय, सोमवारपासून ये."

बाईनं पळी उंचावून रणजीतला हाक मारली, पण तो गेटातून आत गेला होता.

संध्याकाळी बाईनं पासवर्ड लावला. लावला, आणि खडूनं पिंपामागच्या भिंतीवर लिहूनही टाकला. खाली एक ओळ: क्रिकेट आपापल्या नेटवर बघा.