राहीची साक्ष

सापगावच्या पुढे डोंगराला टेकून वीस-पंचवीस घरांचा पाडा आहे. त्या पाड्यावरच्या राहीसारखी साक्ष देणारी बाई शहापूर-मुरबाडमध्ये शोधून सापडायची नाही, असं हितेश पास्टर चारचौघांत सांगायचे. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे हो, चर्चमधली. रविवारी उभं राहायचं, प्रभू भेटायच्या आधी आपली काय दशा होती आणि भेटल्यावर काय झालं ते सांगायचं, लोकांनी 'हाल्लेलुया' म्हणायचं, की खाली बसायचं. बाकीच्या बायका पदर तोंडात धरून दोन वाक्यांत उरकायच्या. राही उभी राहिली की चर्चच्या पत्र्याखालची तान्ही पोरंसुद्धा गप्प व्हायची.

साक्षीला कारणही तसंच होतं. २००८ साली राहीला टीबी झाला. अंगावरचं सगळं मांस गेलं, नवरा चांगो तिरडीचे बांबू बघून आला होता. चर्चच्या दवाखान्यातल्या नर्सने सहा महिने रोज दोन मैल चालत येऊन, समोर उभं राहून तिला गोळ्या गिळायला लावल्या. राही खडखडीत बरी झाली. श्रेय प्रभूला गेलं. नर्सची मुरबाडला बदली झाली.

पहिल्या वर्षी तिच्या साक्षीत फक्त खोकला होता. पण पुढे मुंबईहून पाहुणे यायला लागले. एसी बसमधून उतरायचे, स्वतःचं बाटलीतलं पाणी प्यायचे, आणि रडायला तयार होऊन बसायचे. आता एवढ्या लांबून आलेल्या माणसांचं नुसत्या खोकल्यावर कसं भागणार? मग साक्ष वाढत गेली. 'आधी काय होतं, राहीबाई?' असं पास्टर विचारायचे आणि राही दोन्ही हात पसरून म्हणायची, "काय नव्हतं! घर नव्हतं, दाणा नव्हता, जमीन नव्हती, कोण माणूस नव्हतं. दोन हजार आठ साली प्रभूनं हात धरला. आज माझं शेत हाय, शेतात नाचणी हाय!" की हाल्लेलुया. पाहुण्या बायका डोळे टिपायच्या. पास्टरांनी हे कधी खोडलं नाही. खोडावं असं त्यात काय होतं?

पास्टर माणूस मात्र सोन्यासारखा. कल्याणचे असून पाड्यावर राहिले, बालवाडी चालवली, आणि तीन वर्षांपूर्वी वनजमिनीच्या दाव्यांमागे लागले. पाड्यावरची बारा घरं आजा-पणज्यापासून जंगलखात्याच्या जागेत वरकस, म्हणजे डोंगरउताराची जमीन, कसत होती. नाचणी, वरई, थोडे तीळ. कायदा सांगत होता की डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर जमीन तुमच्या नावावर. पास्टरांनी चर्चला येणारे-न येणारे असा भेद न करता बाराही घरांचे कागद जमवले, नकाशे काढले, साहेब लोकांचे उंबरे झिजवले. सरकारी कागदाच्या बाबतीत नुसत्या प्रार्थनेवर राहून चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी पडताळणीला साहेब आले. मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकली. एकेकाला बोलावून म्हणाले, "जबाब द्या." जबाब काय असतो ते पाड्याला चांगलं माहीत, जंगलखात्याने तेवढं शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिलंय. विचारलं तेवढंच बोलायचं. अकरा जणांनी दिले. राहीची पाळी आली. चांगो वारून सहा वर्षं झालेली, बाई एकटी, केस पांढरे. साहेबांना तिची कणव आली, आणि तिथेच घात झाला. ते गोड आवाजात म्हणाले, "या आजी. घाबरू नका. तुम्ही फक्त साक्ष द्या."

साक्ष? एवढंच ना! राहीने पदर सारखा केला, आभाळाकडे बघितलं, दोन्ही हात पसरले. "आधी माझ्याकडं काय नव्हतं! घर नव्हतं, दाणा नव्हता, जमीन नव्हती…"

पास्टर त्या वेळी वरच्या बांधावर तलाठ्याला हद्द दाखवत होते. खाली आले तोवर दोन हजार आठ साल येऊन गेलं होतं, मागे बसलेल्या चर्चच्या दोघी बायका सवयीने हाल्लेलुया म्हणून मोकळ्या झाल्या होत्या, आणि राही समाधानाने अंगठा उमटवत होती.

महिन्याने कागद आला. अकरा दावे मंजूर. बारावा नामंजूर : अर्जदाराच्या स्वतःच्या कथनानुसार २००८ पूर्वी जमिनीचा ताबा नव्हता. वनरक्षकाने तर लगेच येऊन सांगितलं, पुढच्या पावसाळ्यात या तुकड्यात साग लावायचा आहे, नांगर घालू नका.

पास्टर डोकं धरून राहीच्या ओट्यावर बसले. "अहो राहीबाई, साहेबासमोर असं कसं बोललात?"

"चर्चात बोलते तसंच तं बोलली. एक शब्द इकडचा तिकडं केला नाय."

"पण जमीन तर आधीपासून होती ना!"

"व्हती. सासऱ्यानं दगड काढलेले." राही त्यांच्याकडे बघत राहिली. "मंग चर्चात मी इतकी वर्सं खोटं बोलत व्हती का, पास्टर?"

बायबल तोंडपाठ असलेल्या पास्टरांनी पिशवीतून कोरा कागद काढला. त्यांनी अपील केलं आणि सोबत चर्चच्या लेटरहेडवर पत्र जोडलं, की सदर बाईचं कथन आत्मिक अर्थाने घ्यावं. ते लिहिताना त्यांना दोनदा घाम पुसावा लागला.

अपिलाच्या सुनावणीला अधिकारी म्हणून एक मॅडम होत्या. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. "आत्मिक अर्थाने जमीन नव्हती म्हणजे काय हो?"

पास्टर म्हणाले, "म्हणजे… तसं…"

मॅडमनी तो नाद सोडला. "बाई, तुम्ही सांगा. दोन हजार पाचच्या आधी त्या जागेत तुमचं काय होतं?"

राहीचे हात पसरायला निघाले होते. ते तिने मांडीवर दाबून धरले. जमीन जाणार होती आणि आता बोललं नाही तर कायमची जाणार होती.

"माझी पोरगी व्हती. सावळी. दोन वर्साची. गोवर झाला नि गेली. लहान पोर आमी लांब नाय नेत, आपल्याच शेताच्या बांधाला ठेवतो. वरच्या कोपऱ्यात ऐनाच्या झाडाखाली ठेवली, वर तीन दगड ठेवले. चांगोनं ठेवले." तिने मॅडमकडे बघितलं. "लोकाच्या जागंत कोण आपलं पोर ठेवंल, बाय?"

मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं. मग ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद मागवली. सावळी चांगो, वय दोन, साल २००३, शाईसुद्धा पुसली नव्हती. शेजारची बाईजा पुरताना हजर होती, तिचा जबाब झाला. पंच बांधावर गेले, ऐन होता, तीन दगड होते. दावा मंजूर झाला. दोन वर्षांच्या पोरीने आईचं शेत राखलं.

कागद हातात पडल्यावर पास्टर तिला सोडायला पाड्यापर्यंत चालत आले. वाटेत म्हणाले, "राहीबाई, पंधरा वर्षं तुमची साक्ष ऐकतोय. सावळीचं नाव कधी घेतलं नाहीत."

राहीला राग आला नव्हता. तिने नुसतं सांगितलं.

"तुमी विचारायचात, आधी काय व्हतं. मी बोलायची, काय नव्हतं, नि सगळी हाल्लेलुया बोलायची. पोरगी व्हती म्हटलं असतं, तं सगळी काय बोलली असती?"