दहा मीटरवरून पस्तीस

"हिचा बाप गोफण मारतो. म्हणून ही आम्हाला फिजिक्स शिकवणार!"

सर हे माझ्याकडे न बघता वर्गाकडे बघून म्हणाले. सोलापुरातल्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. वीस-बावीस पोरं. सगळी हसली. शेजारची हसली नाही, पण तिनं खुर्ची थोडी सरकवून घेतली. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

प्रयोग साधा होता. पडद्यावर तोफ. वेग तोच ठेवायचा, कोन बदलायचा, गोळा किती लांब पडतो ते लिहायचं. बाकीच्यांनी काही मोजलंच नव्हतं. मागच्या वर्षीची जर्नलं क्लासच्या पोरांत हातोहात फिरतात. आकडे घरूनच उतरवून आणायचे, लॅबमध्ये नुसता माऊस हलवायचा. मला जर्नल देणारं कुणी नव्हतं. मी मोजलं. पाच-पाच अंशांनी, प्रत्येक कोन तीनदा. गोळा सगळ्यात लांब गेला पस्तीस अंशांना. पंचेचाळीसला त्याच्या अलीकडे पडला.

मला नवल वाटलं नाही. तोफ दहा मीटर उंचीवर होती. प्रोग्रॅम उघडला की ती तिथंच असते. सगळ्यांच्या पडद्यावर तिथंच होती, कुणी बघितली नव्हती. ती आधी जमिनीवर आणायची असते, हे मला सुचलं नाही. माझ्या लेखी फेकणं म्हणजे वरूनच. माझे वडील जेऊरजवळ दुसऱ्यांच्या ज्वारीची राखण करायचे. मचाणावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायचे. मला सांगायचे, "वरनं मारताना हात जरा खालीच ठिवायचा, बाय. लई उंच मारलं की दगूड वरच दमतोय."

हे मी सरांना सांगितलं होतं. त्यावर ते गोफणीचं तसं बोलले, लॅब हसली.

"पुस्तकात पंचेचाळीस आहे," सर पुढं म्हणाले.

"सर, ते जमिनीवरून. इथं उंची दहा आहे."

"आता राखणदाराच्या पोरी पुस्तकं तपासणार! खोड ते. माझ्यासमोर."

मी खोडलं. कागद विरेपर्यंत रबर घासलं. पंचेचाळीस लिहिलं. सरांनी सही केली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा वडिलांना सगळं सांगितलं, सर काय म्हणाले तेही. वाटलं होतं, चिडतील. ते हसले.

"सर म्हणत्यात म्हंजी तसंच आसंल की. आमाला काय कळतंय?"

आणि गोफण खुंटीला अडकवली. आयुष्यभर नेम धरलेला माणूस. तुमचंच बरोबर आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मी जेवत राहिले. उन्हाळा लागायच्या आत ते गेले. आपल्याला काही कळत नाही, असं समजून गेले. सरांचं ते वाक्य त्यांच्यापर्यंत मीच पोचवलं होतं.

तेराव्यानंतर आठवड्यानं प्रॅक्टिकलची परीक्षा. तोच प्रयोग आला. प्रश्नात उंचीचा शब्द नव्हता. मी तोफ दहा मीटरवरच ठेवली, तसं कागदावर लिहिलं, मोजलं. पस्तीस. सर मागं येऊन उभे राहिले. आवाज मऊ होता.

"पंचेचाळीस कर. तू दुःखात आहेस. मी सांभाळून घेतो."

"सर, एकदा उंची बघा."

"खोड म्हणतोय ना?"

"न्हाय खोडणार."

घरची बोली लॅबमध्ये पहिल्यांदाच तोंडातून निघाली. दोन्ही तळवे मी त्या आकड्यावर ठेवले. या वेळी कुणी हसलं नाही.

मी नापास झाले. विषय राहिला, वर्ष अडकलं. आई म्हणते, सरांचे पाय धर. धरणार नाही. पुन्हा बसेन. जमिनीवरून पंचेचाळीस, हे लिहीन. दहा मीटरवरून पस्तीस, हेही लिहीन. आणि खाली लिहीन की हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं. वडिलांचं पूर्ण नाव, आडनावासकट. शेवटी: राखणदार. पुन्हा नापास केलं, तर पुन्हा बसेन. तेच लिहीन.