आबांच्या गाडीचा फाळका

आमच्या मालकाचं नाव सटवा. नाव घ्यायला मी लाजत न्हाई. दिवसातून शंभरदा शिव्या घालाव्या लागतात, नाव घेतल्याबिगर कशा घालायच्या? बाप मेंढ्या राखायचा. ह्यानं मेंढ्या सोडल्या आन नांदूरघाटच्या फाट्यावर वेल्डिंगची टपरी टाकली. उसाच्या ट्रॉल्या बनवतो. हातात कटर आला की ह्या मानसाला भान ऱ्हात न्हाई. माझ्या कपाटाचं दार कापून त्यानं कोंबड्यांचं खुराडं केलंय.

टपरीची जागा अर्जुनरावांच्या घरची. त्यांच्या वडलांची, आबांची, जुनी बीटल गाडी हाय. इंजिन मागं. आबा गेले, मंग इंजिनबी बंद पडलं. अर्जुनरावांनी गाडी आमच्या दारात आनून टाकली आन दम दिला, "खंडेनवमीच्या पूजेला गाडी चालू पायजे. पन मागच्या पत्र्याला कटर लावलास तर टपरी उचलायची."

आता ते इंजिन निघायचं खालून. गडी लावून गाडी छातीइतकी उचलावी, तवा कुठं ते मागच्या पत्र्याखालून सरकनार. दोनदा उचलली, दोनदा घसरली. मी म्हनलं, "हात जोडते, कापू नको." "न्हाई गं," म्हनला. मी केजला बाजाराला गेलते. येऊन बघते तर मागचा पत्रा भुईवर, आन हा आत डोकं घालून शिट्टी वाजवतोय! ट्रॉलीला असतो तसा फाळका केलता मेल्यानं. दोन खिट्ट्या काढल्या की पत्रा हातात.

"आता इंजिन सरळ मागं वढायचं," म्हनला.

"आन बिऱ्हाड कुठं वढायचं, तेबी सांग!" मी लई भांडले. खरं तर टपरी जायची म्हनून भ्यालते.

खंडेनवमीला अर्जुनराव आले. संगं त्यांच्या आई छबुबाई, हातात पूजेचं ताट. नवरा गेल्यावरबी कुंकवाचं ताट तिनं सोडलं न्हाई, कोन काय बोलतं त्याला ती भीक घालत न्हाई. गाडी चालू झालती, पन अर्जुनरावांची नजर सरळ खिट्ट्यांवर.

"कावून कापलं बे? आबांच्या गाडीची ट्रॉली केलीस? आजच टपरी उचल!"

सटव्यानं सरळ फाळकाच उतरवून दाखवला. इंजिन धडधडत उघडं पडलं.

छबुबाई पुढच्या बाजूला कुंकू लावत हुत्या. आवाजानं मागं आल्या. "हे काय रं?"

"इंजिन, आजी," सटवा म्हनला.

"मंग पुढं काय हाय?"

"डिक्की. रिकामी."

म्हातारीचा हात तसाच ऱ्हायला. गाडी घरात आल्यापास्नं दर खंडेनवमीला ती रिकाम्या डिक्कीपुढं नारळ फोडत आलती, आन घरातल्या एकाबी गड्यानं तिला सांगितलं नव्हतं. मला हसू फुटलं. तिनं मात्र मागच्या सीटवर हात ठेवला.

"अर्जुन, तुजा बाप मला कायम हितं बसवायचा. पाठ भाजते म्हनलं की म्हनायचा, वहम हाय. तूबी हसायचास."

माझं हसू गेलं, मी पदर डोळ्याला लावला.

तिनं फाळक्यावर कुंकवाची पाच बोटं उमटवली. "हे आसंच ऱ्हाऊ दे. टपरीबी. जागा माझ्या नावावर हाय. सटवा, तू चालव. मी पुढं बसनार."

अर्जुनराव अंग चोरून मागं घुसले, शेजारी मी. केजच्या रस्त्याला लागून थोडं पुढं गेलो असू, तर ते वरडले, "थांब बे सटव्या! पाठ भाजली!"

छबुबाईंनी मागं वळूनबी बघितलं न्हाई.

"वहम हाय," म्हनल्या. "चालव रं."