आधी रिकामी नळी

"आधी रिकामी नळी!" खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आत सर एक बोट वर करून म्हणत. चक्क मराठीतून. लॅबमधली जपानी मुलं "हाय, सेन्सेई!" म्हणजे "हो, सर!" म्हणून पंप सुरू करत. एवढं मराठी सगळ्यांना पाठ होतं.

ही लॅब टोकियोतल्या एका विद्यापीठातली. मी इचिकावाहून तिथे पार्ट-टाइम जायचे, मुलांच्या पेपरांचं इंग्रजी सुधारायला. नवरा आयटीत, मी पुण्याची एमएस्सी, आणि घरात बसून जीव नुसता विटलेला. सर मूळचे सांगलीकडचे, पण उभी हयात इथे गेलेली. डोळ्यांखाली काळं, चालताना बूट फरशीला घासत. ट्रेनमध्ये पाहिलं असतंत, तर उभ्याउभ्या पेंगणारा कुणी कारकून समजला असतात.

त्यांचं काम मला कळलं तेवढं सांगते. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक काचेची नळी. तिच्यात शहरातली हवा भरायची आणि एका टोकाने प्रकाश सोडायचा. हवेतला प्रत्येक वायू आपल्या वाट्याचा प्रकाश खातो. पलीकडे काय कमी पोचलं, त्यावरून हवेत काय आहे ते कळतं. पण काचही थोडा प्रकाश खाते. म्हणून रोज सकाळी नळीतली हवा उपसून रिकाम्या नळीचं माप घ्यायचं, आणि दिवसभराच्या मापांतून ते वजा करायचं.

ही खोड अंगात इतकी मुरलेली, की आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आमटीआधी घोटभर पाणी प्यायले. "आधी रिकामी नळी, साठेबाई. मग तुमच्या आमटीबद्दल बोलू." माझी लेक जपानीत खिदळली, "किती विचित्र आजोबा!" सर तिला जपानीतच म्हणाले, "आमटी झकास. आई मीठ तेवढं विसरली."

तरुणपणी त्यांनी एक आकडा छापला होता. एक वायू शहराच्या हवेत किती वेळ टिकतो, त्याचा. परदेशातल्या एका गटाने तो चूक ठरवला. पुढे सरांचे ढीगभर पेपर आले, मानमरातब झाला, पण तो काटा काही निघाला नाही. मार्चमध्ये निवृत्ती. म्हणून शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी सगळं पुन्हा मोजलं, आणि त्यांचा जुनाच आकडा जुळला! पेपर स्वीकारला गेला त्या दिवशी खुर्चीत अंग टाकून म्हणाले, "सुटलो हो साठेबाई. आता झोप लागेल."

पुढच्याच आठवड्यात बर्फाचा अंदाज होता. गाड्या खोळंबतील म्हणून सर आणि मी दोघंही लवकर निघालेलो. मी पोचले तर सर लॅबच्या दारातच थबकलेले. आत ओगावा-सान, लॅबची झाडलोट आणि सामानसुमान बघणाऱ्या, सरांच्याच वयाच्या. नळीच्या टोकाची काच काढून, देवाची भांडी पुसावीत तशी, आतून स्पिरिटने पुसत होत्या.

"रोज पुसता?" सरांनी विचारलं.

"या हिवाळ्यापासून," त्या संकोचल्या. "सेन्सेईंचं शेवटचं वर्ष ना. तुम्ही यायच्या आत झालेलं बरं."

इथे केलेलं काम बोलून दाखवायची पद्धत नाही. सर कमरेत वाकले, आभार मानले आणि मला कँटीनमध्ये घेऊन गेले. चहाला त्यांनी हातही लावला नाही.

"स्पिरिटची वाफ काचेला धरून राहते. दुपारपर्यंत उडून जाते. म्हणजे सकाळी नळी रिकामी नसायचीच. अख्खा हिवाळा मी चुकीचं वजा करत होतो."

"पण वास नाही आला?"

"हल्ली दारोदारी सॅनिटायझर. स्पिरिटच्या वासाचं कुणाला काय वाटतंय!"

मला असा संताप आला! "सांगा ना त्यांना! नाहीतर राहू द्या तसंच. कुणाला कळणार आहे?"

"उद्या कुणीतरी माझा आकडा धरून शहराच्या हवेचं गणित मांडेल. आणि बाईंना काय सांगू? त्यांनी मायेने पुसलं हो. चूक माझी. आधी रिकामी नळी म्हणून ओरडून घसा बसला, पण ती रिकामी आहे का, हे मी कुठे बघितलं?"

"मग पुढच्या हिवाळ्यात पुन्हा..."

"पुढच्या हिवाळ्यात मी इथे कुठे?"

त्याच दिवशी त्यांनी पेपर मागे घेतला. चूक माझी, एवढंच कळवलं. निरोपसमारंभात ओगावा-साननी फुलं दिली, तेव्हा सर म्हणाले, "तुमच्यामुळे काचा लख्ख राहिल्या." आणि सांगलीला निघून गेले. वर्ष सरायच्या आत तिकडेच वारले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

नळी कुणालाच नको होती. मोठा कचरा म्हणून उचलून न्यायची चिठ्ठी तिच्यावर लागली. ट्रक आला त्या सकाळी ओगावा-सान फडकं आणि स्पिरिटची बाटली घेऊन खाली उतरल्या. दोन्ही टोकांच्या काचा त्यांनी पुसल्या, आतून, बाहेरून. ट्रकवाला टोपी हातात धरून थांबला.

"सेन्सेईंचा तो शेवटचा पेपर," त्यांनी मला विचारलं, "छापून आला ना?"

"येईल," मी म्हटलं. "वेळ लागतो त्याला."

त्यांनी समाधानाने मान हलवली, फडक्याची घडी केली, आणि ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत कमरेत वाकून उभ्या राहिल्या.