संगीतकाराच्या रकान्यातला शब्द

ही गोष्ट मी इतकी वर्षं घरीसुद्धा नीट सांगितलेली नाही. विषय निघाला की पेपर उघडून बसायचो.

मी इथल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला संगीत शिकवत असे: गाणं ऐकावं कसं आणि त्याचा व्यवसाय चालतो कसा. निवृत्तीच्या वर्षी वर्गात बिडकीनच्या एका चाचांना बोलावलं. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी जन्मभर क्लॅरिनेट वाजवलं होतं. खुर्ची पुढं केली तर म्हणाले, "आम्ही चालत वाजवणारी माणसं सर, बसून सूरच निघत नाय." मग बाकांमधून फेऱ्या मारत त्यांनी पाठवणीची एक चाल वाजवली. दोन मुली चक्क रडल्या. "अगं, तुमची नाय अजून पाठवणी!" चाचा हसले. जाताना मला म्हणाले, "ही माझी हाय बरं का. बहिणीच्या रुखसतीला सुचली."

आम्ही ती रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकली. फॉर्म मी भरला. संगीतकाराच्या रकान्यात लिहिलं, 'पारंपरिक'. बँडवाल्यानं अशी चाल बांधली असेल, हे मला खरंच वाटलं नाही. आणि त्याच आठवड्यात मी फळ्यावर शिकवत होतो की कलावंताचं नाव लावणं ही या धंद्यातली पहिली गोष्ट.

चाल गाजली. लोक लग्नाच्या व्हिडिओंना लावू लागले. एक दिवस चाचा कॉलेजात आले.

"सर, हे पारंपरिक कोण हाय? आमच्या बिडकीनचं तर नाय कुणी."

मुलं हसली, मीही हसलो. ते उभेच राहिले. "नातींना सांगितलंय, चाल माझी हाय म्हणून. त्या मला फोनवर हेच नाव दाखवतात."

"दुरुस्त करतो," म्हणालो. त्यासाठी प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागत होतं, म्हणजे चूक कबूल करणं आलं. माझा निरोप समारंभ तोंडावर होता. राहून गेलं, असं मी म्हणत आलो. खरं तर मी राहू दिलं.

निवृत्तीनंतर बिडकीनला गेलो. चाचांनी खाट झटकली, बायकोला हाक मारली, "अगं, कॉलेजात बोलावलं होतं ना, ते सर आलेत!" त्या आवाजातला अभिमान मला सोसेना. मी तब्येत विचारली, रस्त्याच्या कामावर बोललो आणि परतलो. दोन महिन्यांनी ते गेले.

पत्र मग दिलं. आता तिथं त्यांचं नाव आहे. पण त्या खाटेवर बसून बोलायचं ते एवढंच होतं: चाचा, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. मी विश्वास ठेवला नाही. मला माफ करा.