तापीत गेलेलं प्रकरण

आबेदा आमच्या शेजारची, जळगावात पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या खाजाभाईंची मुलगी. १९८८ साली मी पॉलिटेक्निकला होतो आणि ती अरबीत पीएच.डी. करत होती. तिचा विषय मध्ययुगातले ज्यू विचारवंत. स्पेन आणि इजिप्तमधले हे लोक अरबी भाषेत लिहायचे, पण अक्षरं हिब्रू वापरायचे. आबेदा मुंबईहून त्या हस्तलिखितांच्या झेरॉक्स आणायची, तोच मजकूर अरबी लिपीत उतरवायची आणि मग त्यावर लिहायला बसायची.

महिनाअखेर एक प्रकरण मार्गदर्शकांकडे पोचलं नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. अरबी उतारा तयार झाला होता. एका शुक्रवारी ती पानं जमिनीवर पसरलेली ठेवून कॉलेजला शिकवायला गेली. परतली तर एकही पान नव्हतं.

तिची आई मदिनाबी गल्लीतल्या मुलींना कुराण वाचायला शिकवायच्या. अरबी लिहिलेलं पायाखाली येऊ द्यायचं नाही. जीर्ण पानं मशिदीतल्या गोणीत टाकायची आणि गोणी भरली की तापीत सोडायची, ही रीत. खाडाखोड झालेली पानं त्यांना जीर्णच वाटली. खाजाभाई नमाजाला जाताना ती घेऊन गेले आणि गोणी त्याच दुपारी पुलावर रवाना झाली.

"अम्मी, वो कुरान नहीं था! एक यहूदी हकीम का लिखा हुआ था."

"मेरे को क्या मालूम? पहली लाइन में अल्लाह का नाम था. पाँव में आने देती क्या?"

"कैरो के यहूदी भी ऐसे पन्ने फेंकते नहीं थे. कोठडी में रखते थे, इसलिए आज मेरे को मिले. तुम लोग सीधा नदी में डाल आये!"

"तो कोठडी बाँध के दे. दो खोली का घर है."

झेरॉक्स सापडल्या मांडणीवर, हळद-तिखटाच्या डब्यांखाली अंथरलेल्या.

"ये टेढे अक्षर अरबी हैं?" मदिनाबींना पटेना.

"अक्षर नहीं अम्मी, जुबान अरबी है."

आबेदाने पुन्हा पहिल्यापासून उतरवायला घेतलं. तपासायला दुसरं माणूस हवं होतं. मदिनाबी नवं अरबी पान मोठ्याने वाचायच्या आणि आबेदा झेरॉक्सवर बोट ठेवून ऐकायची. पण मदिनाबींना कुराणाची सवय. स्वरांच्या खुणा नसल्या की अडायच्या. "जेर-जबर किधर हैं इसमें? ऐसा लिखते क्या?" आबेदा चडफडत खुणा घालत गेली. खुणा घालताना प्रत्येक वाक्याचा अर्थ पक्का करावा लागे, त्यामुळे दोन ठिकाणी आपण चुकीचं समजलो होतो, हे तिच्या ध्यानात आलं.

प्रकरण वेळेत मुंबईला गेलं आणि मंजूरही झालं. मार्गदर्शकांनी एवढंच कळवलं, की या खुणा प्रबंधात नकोत, पुढच्या प्रकरणापासून घालू नयेत.

आबेदाने हे घरी सांगितलं, तशा मदिनाबी चिडल्या.

"फिर आगे का मैं कैसे पढूँगी?"